हॅन्सनांच्या घरातली बापटबाई

सुनेत्रा,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘अमेरिकेतलं एक मराठी माणूस’ असं काहीतरी लिहून द्या म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, “त्यांची कुठली कंपनी?” मी म्हटलं, कंपनी नाही, ती नेब्रास्कातल्या एका कोर्टहाऊसमध्ये जमिनींची दप्तरं सांभाळायची. मग, “बरं, बघा, जरा इन्स्पायरिंग होईल असं करा.” तेव्हाच ठरवलं की लिहायचं तर तुझ्यावरच, आणि लिहायचं तेही तुलाच उद्देशून, म्हणजे कुठे थाप घुसली तर तू लाल पेन्सिल मारशील. वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टी तुलाच पुन्हा सांगणार आहे. चुळबुळ करू नकोस.

अमेरिकेच्या नकाशाची बेंबी शोधायची आणि तिथून थोडं वर सरकायचं. लूप नदीच्या उत्तरेला चोवीस मैल लांब, चोवीस मैल रुंद असा एक चौकोन आहे. तुझी ऑल्कॉट काउंटी, म्हणजे आपल्याकडचा तालुका म्हण. दर मैलावर एक रस्ता, सगळे काटकोनात, जणू कुणी शाळकरी मुलीने वहीवर पट्टीने आखले. मका, सोयाबीन, गवत, गाई. लिंडन हे मुख्य गाव, त्यात एक लुकलुकणारा सिग्नल, आणि तोही लोकांना उगाच वाटतो. भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण एखाद्या जागेचं इतकं कमी नाटक मी पाहिलं नाही.

१९९० च्या अमेरिकन जनगणनेचे काही तक्ते मी वर्गासाठी मुंबईहून झेरॉक्स करून मागवले होते. नागपूरच्या आमच्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ऑल्कॉट काउंटीची ओळ शोधली. एकूण लोक ५,१३७. त्यात ‘एशियन’, ३. त्या तिघांना मी नावानिशी ओळखत होते. मोरेश्वर बापट, सुनेत्रा बापट आणि सहा वर्षांची आश्लेषा. एखाद्या देशाच्या जनगणनेतला आख्खा रकाना आपल्या ओळखीचा निघणं हे भूगोलवाल्यांच्या नशिबात एकदाच येतं.

तुम्ही तिथे पोचलात ते मक्यामुळे. अकोल्याच्या मोरेश्वरने लिंकनच्या विद्यापीठात मक्याच्या वाणांवर डॉक्टरेट केली, आणि १९८८ मध्ये त्याला ऑल्कॉटमधल्या बियाणं-संशोधन केंद्रात नोकरी लागली. उन्हाळाभर तो कणसांना तपकिरी कागदाच्या पिशव्या घालत फिरायचा. इतिहासात एम.ए. झालेली तू, पहिला हिवाळा त्या गावात खिडकीशी बसून काढलास आणि मला सोळा पानी पत्रं लिहिलीस. सोळा पानांत घटना शून्य. बर्फ, बर्फ, आणि शेजारणीने आणून दिलेला बटाट्याचा कुठलासा भाजून केलेला प्रकार.

नव्वद साली घर घेतलंत. लाकडी, दुमजली, पांढरं. उत्तरेचा वारा अडवायला देवदारांची दुहेरी रांग, मागे पाच एकर. इंगा हॅन्सन नावाच्या विधवा बाईकडून घेतलंत. ती गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेली. जाताना तिने तुला रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचा वाफा दाखवला आणि तळघरातला कुठला नळ कधी बंद करायचा याची यादी दिली. त्या यादीच्या जोरावर तुम्ही दोन हिवाळे काढलेत असं मोरेश्वर म्हणायचा.

आता १९९४. ओमाहाला एक परिसंवाद होता, तो आटोपून मेच्या अखेरीस मी तुझ्याकडे तीन आठवडे आले. आणि आल्या आल्या घोळ घातला. हे मी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही. आता छापूनच टाकते.

घोळ असा. जिथे जावं तिथे लोक तुला विचारायचे, “तू हॅन्सन प्लेसवरची ना?” पोस्टात, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर. तुमच्या घराला सगळी काउंटी हॅन्सन प्लेस, म्हणजे हॅन्सनांची जागा, म्हणायची. मोरेश्वरच्या ऑफिसात कुणी वाट विचारली तर लोक सांगायचे, “बापट ना? हॅन्सन प्लेसवर राहतो.” मी चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी डोकं फिरलं.

“सुनेत्रा, चार वर्षं झाली,” मी गाडीत म्हणाले. “घर तुमचं, कर तुम्ही भरता, छप्पर तुम्ही बदललं. आणि नाव कुणाचं?”

“इथे तसंच म्हणतात गं.”

“तसंच म्हणतात म्हणजे? गोऱ्या माणसाचं नाव पुसून तुमचं लिहायला यांची जीभ वळत नाही, दुसरं काय! आणि तू इतिहासाची ना? तुला कळत नाही?”

तू नुसती गाडी चालवत राहिलीस. पण मी तुला कॉलेजपासून ओळखते. तुझा डावा कान लाल झाला होता.

घरी गेल्यावर आश्लेषाची शाळेतली पट्टी घेऊन तू दाराची चौकट मोजलीस. अठरा इंच बाय सात. सागवानी पाटी, वर देवनागरीत ‘बापट’, खाली इंग्रजीत, दोन्ही टोकांना स्क्रूला भोकं. नागपुरात महाल भागातल्या त्या पेंटरकडून मी करून आणायची, किंवा येणाऱ्या कुणाबरोबर पाठवायची. तू चिठ्ठीवर मापं लिहिलीस, मी पर्समध्ये टाकली. मोरेश्वर पाहत होता. तो एवढंच म्हणाला, “आमच्याकडे शेतात असेपर्यंत वाणाला नुसता नंबर असतो. नाव मिळतं ते शेतातून बाहेर पडल्यावर.” आम्ही दोघींनी दुर्लक्ष केलं. मक्यावाल्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

त्या रविवारी गावच्या अग्निशमन दलाचा पॅनकेक-नाश्ता होता. दल म्हणजे काय, शेतकरी, सुतार, शाळेचा मास्तर. आग लागली की कमरेचा पेजर वाजतो आणि हातातलं काम टाकून पळतात. जूनच्या पहिल्या रविवारी ते बंबाच्या गॅरेजमध्ये टेबलं मांडतात, पॅनकेक भाजतात, आणि आख्खी काउंटी येऊन खाते. भाजायला उभा होता लिओ कुबिक, तुमचा शेजारी. शेजारी म्हणजे सव्वा मैलावरचा. चेक आजोबांचा नातू, टोपी कधीही न काढणारा. त्याने रांगेतल्या लोकांना आमची ओळख करून दिली.

“ही सुनी. हॅन्सन प्लेसवरची. आणि ही तिची मैत्रीण, इंडियाची. हॅन्सन प्लेसवरच उतरलीय.”

मी तुला कोपराने ढोसलं. हो, ढोसलं. आणि तू ताट हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललीस, “लिओ, त्या घरात हॅन्सन कुणी राहत नाही. चार वर्षं झाली. तिथे बापट राहतात. बापट प्लेस म्हणायला काय होतं?”

रांगेत चाळीस माणसं असतील. नेब्रास्कातली माणसं भांडत नाहीत, ती जमिनीकडे पाहतात. चाळीसच्या चाळीस जणांनी जमिनीकडे पाहिलं. लिओने तव्यावरचा एक पॅनकेक उचलला, तुझ्या ताटात आधी दोन होते त्यावर ठेवला, आणि म्हणाला, “सिरप तिकडे आहे, सुनी.”

मला वाटलं, जिंकलो.

बुधवारी तू इंगाबाईकडे निघालीस. तू तिला इंगाबाई म्हणायचीस आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. दर बुधवारी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी न्यायचा तुझा नेम होता. ती खिचडीला ‘सुनीचे मोती’ म्हणायची. मी बरोबर आले. शहाऐंशी वर्षांची, पिंजारलेल्या केसांची बाई, मांडीवर विणकाम. तुला राहवलं नाही. तू सगळं सांगून टाकलंस आणि शेवटी म्हणालीस, “तुमच्यावर राग नाही इंगाबाई, पण ते अजून त्याला हॅन्सन प्लेस म्हणतात.”

म्हातारीने सुया खाली ठेवल्या.

“काय म्हणतात?”

“हॅन्सन प्लेस.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. लिओ कुबिक तर रोज.”

“लिओ कुबिक? तो म्हणतो? कसं म्हणतो, पुन्हा सांग.”

तू लिओचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलंस. तिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग ती इतकी हसली की नर्स डोकावून गेली. डोळे पुसत म्हणाली, “पोरी, मी एक्कावन्न साली नवऱ्याबरोबर त्या घरात शिरले. एकोणचाळीस वर्षं राहिले. तीन मुलं वाढवली, न्हाणीघर बांधलं, नवरा तिथल्याच जिन्यात गेला. आणि एकोणचाळीस वर्षं सगळे त्याला व्हावरा प्लेस म्हणत होते. व्हावरा! माझ्या आधी राहायचे ते. मी चर्चमध्ये एकदा रडले होते त्यावरून. घर सोडलं तेव्हा वाटलं, झालं, आपलं नाव काही लागलं नाही त्याला.” मग तुझा हात धरून, “लिओ नक्की असंच म्हणाला?”

म्हणजे असं, की त्या काउंटीत राहणाऱ्याचं नाव घराला देतच नाहीत. आधी राहून गेलेल्याचं देतात. तुम्ही घर सोडलं, की मग ते तुमचं होतं. यात गोरा नाही, काळा नाही, हॅन्सनांसारखा डॅनिश नाही, व्हावरांसारखा चेक नाही. सगळ्यांना एकच न्याय. आणि गेलेल्याला कुणी ते कळवायला जात नाही, कारण यात कळवण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नाही.

गाडीत बसल्यावर तू फक्त एवढं म्हणालीस, “यामू, आता उरलेले दहा दिवस तू तोंडाला कुलूप लाव.”

लावलं.

तू मात्र दुसऱ्या दिवशी कोर्टहाऊसमध्ये गेलीस. इंगाबाई म्हणते ते कागदावर दिसतं का ते पाहायला. जमिनींच्या नोंदींची ती जाडजूड पुस्तकं, दोन हातांनी उचलावी लागणारी. तुमच्या घराचा धागा तू मागे मागे ओढत नेलास. बापटांच्या आधी हॅन्सन, त्याआधी १९०३ मध्ये बोहीमियाहून आलेले व्हावरा, त्याआधी टॉलफसन नावाचा नॉर्वेकर, ज्याला १८७९ मध्ये सरकारने जमीन दिली. आणि व्हावरा राहत होते तेव्हा लोक टॉलफसन प्लेस म्हणायचे. तिथे ठेवलेल्या एका म्हातारीच्या डायरीत तसं सापडलंही. तू संध्याकाळी पाच वाजता धुळीने माखलेली परत आलीस आणि इतकी खुश की मला मत्सर वाटला. एम.ए. झाल्यानंतर तुझ्या चेहऱ्यावर तो रंग मी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी त्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. तुझ्याशिवाय कुणाचा अर्जच नव्हता. सव्वीस वर्षं तू तिथे काढलीस. अर्धा दिवस सरकारी काम, आणि जेवणाच्या सुट्टीत तुझा तो नकाशा. काउंटीचा मोठा नकाशा, आणि प्रत्येक घरापाशी पेन्सिलने एकामागे एक नावं. शेतावरची माणसं काम नसलं तरी यायची. “सुनी, आमची जागा त्याआधी कुणाची?” बापाच्या श्राद्धाची तिथी विचारावी तशा गंभीरपणे विचारायची. तू सांगायचीस. कुठे अकरा नावं, कुठे दोन. कुठे घरच उरलेलं नाही, नुसती देवदारांची रांग, तरी तिला नाव आहे. १९२० मध्ये त्या काउंटीत दहा हजारांवर लोक होते. घटत घटत उरले चार हजार एकशे आठ. आठ कुटुंबं कसायची ती जमीन एक ट्रॅक्टर कसतो. शाळा होत्या त्रेपन्न, उरल्या दोन. मी हे आकडे मांडले असते तर वर्ग झोपला असता. तू नावं मांडलीस, म्हणून लोक तुझ्या टेबलाशी उभे राहून ऐकत.

मग आकडा पुन्हा हलू लागला. अंड्यांचा मोठा कारखाना आला, त्यामागोमाग मेक्सिकोतली, ग्वाटेमालातली कुटुंबं आली. बंद पडलेली बेकरी उघडली. बालवाडीत अर्धी मुलं स्पॅनिश बोलू लागली. तुझ्या हाताखाली मारिसोल ओरोझ्को आली, अठ्ठावीस वर्षांची, चुणचुणीत, कुणाचं ऐकून न घेणारी. तिला तू पुस्तकं कशी वाचायची ते शिकवलंस. तिने तुला ताकीद दिली की सव्वीस वर्षं एकाच डब्यात चिवडा आणणं हे काही बरं नाही.

२०१९ मध्ये मोरेश्वर गेला. सकाळी चहा पिऊन शेताकडे बघत बसला होता, तसाच. त्याबद्दल तू मला एकदाच सांगितलंस आणि मीही इथे जास्त लिहीत नाही. एवढंच, की त्या हिवाळ्यात तुझा रस्ता एकदाही बर्फाने अडला नाही. लिओ कुबिक पहाटे ट्रॅक्टर फिरवून जायचा. तू एकदा खिडकीतून हात केलास, त्याने सुकाणूवरचं एक बोट वर उचललं. तिकडे याला भेटीगाठी म्हणतात.

नंतरच्या जनगणनेत ‘एशियन’ रकान्यात पाच आले. तू एकटी उरलेली असताना पाच! तू चार महिने बाकीचे चौघे शोधत होतीस. शेवटी मी सांगितलं, बाई गं, छोट्या जागांचे आकडे ते मुद्दाम थोडे हलवतात, कुणी ओळखू येऊ नये म्हणून. तुला ते पटेना. “मला ओळखू येऊ नये म्हणून? अगं, माझी गाडी दिसली तरी पोस्टमास्तर माझं टपाल काढून ठेवतो.”

२०२३ मध्ये काउंटीला दीडशे वर्षं झाली. निवृत्त झालीस तरी स्मरणिकेचं काम तुझ्याच गळ्यात आलं. पहिलं पान कशाने सुरू करायचं यावर लायब्ररीत बैठक झाली. कुणी म्हणालं रेल्वे, कुणी म्हणालं टॉलफसन आणि पहिले वस्तीकार. तू म्हणालीस, “पॉनी.” त्या नदीकाठी आधी पॉनी या मूळ रहिवासी जमातीची गावं होती, १८७५ च्या सुमारास त्यांना दक्षिणेत ओक्लाहोमाकडे जावं लागलं, हे सगळ्यांना शाळेत शिकवलेलं. पण स्मरणिकेचं पहिलं पान म्हटल्यावर पुन्हा सगळे जमिनीकडे पाहू लागले. तेव्हा तू फार साधं बोललीस. “नियम तुमचाच आहे. जो सोडून गेला त्याच्या नावाने जागा ओळखायची. मग टॉलफसन इथे राहत होता तेव्हा ही कुणाची प्लेस होती?”

मागून लिओचा आवाज आला, “तिने आपल्याला आपल्याच दोराने बांधलंय रे.” आणि तसंच छापलं गेलं. तुमच्या घराच्या नोंदीत पेन्सिलने आता सगळ्यात आधी पॉनी लिहिलेलं आहे.

त्यानंतरच्या जानेवारीत तू बर्फावर घसरलीस आणि मनगट मोडून घेतलंस. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटहून आश्लेषा धावली. तिचंही चुकत नव्हतं.

“आई, धिस इज नॉट वर्किंग. अकरा मैलांवर हॉस्पिटल, आणि तू एकटी. आमच्याकडे खालची रूम रिकामी आहे. अनीश-इशिता आहेत. पार्कमध्ये सगळ्या आज्या असतात, तुझं मराठी तरी बोलून होईल!”

तू तीन महिने जाऊन राहिलीस. पार्कातल्या आज्या छान होत्या म्हणालीस, अळूवडी उत्तम करतात म्हणालीस. इशिताने तुला, “आज्जी, व्हाय डू यू वेव्ह ॲट एव्हरी कार?” असं विचारलं, ते मला सांगून हसलीस. आणि परत आलीस. मी आश्लेषाच्या बाजूने होते, हे इथे नोंदवते. फोनवर मी तुला झापलं. “काय ठेवलंय तिथे तुझं? नवरा गेला, नोकरी संपली. हट्ट कशाचा?”

तू म्हणालीस, “यामू, घर विकणारच आहे. जिने चढवत नाहीत. मारिसोल आणि तिचा नवरा घेतायत. पण मी फ्रीमाँटला गेले, तर त्याला काय म्हणतील ते मला कोण कळवणार?”

मला इंगाबाईच्या सुया आठवल्या.

“आणि बापट म्हणतीलच असंही नाही,” तू पुढे म्हणालीस. “सगळीच नावं लागत नाहीत. नकाशावर मी पाहिलंय. कुठे कुठे एका पिढीवरून उडी मारून जातात. लिओ अजून हॅन्सनच म्हणतो. उद्या लोक हॅन्सनवरून सरळ ओरोझ्कोवर गेले तर आम्ही चौतीस वर्षं तिथे होतो याला पुरावा काय? दप्तरातली एक ओळ. दप्तरातल्या ओळी मी खूप पाहिल्यात. तोंडातलं नाव वेगळं.”

तर हा हट्ट होता. तू लिंडनमध्ये कोर्टहाऊससमोर तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यास. आश्लेषाशी करार केलास, एक वर्ष. एका वर्षानंतर फ्रीमाँट. सप्टेंबरमध्ये घर मारिसोलच्या हाती दिलंस. तळघराच्या नळांची यादी, रुबार्बचा वाफा. आणि कान देऊन बसलीस.

ऑक्टोबरमध्ये कुणी म्हटलं नाही. नाताळात मी फोन केला, “म्हणालं का कुणी?” “नाही गं. किराणा दुकानात हॅन्सनच.” मार्चमध्ये, “नाही.” तू स्वतः कुणाला विचारणार नाहीस, सुचवणार नाहीस हे मला माहीत होतं. एकदा पॅनकेकच्या रांगेत ते नाव मागून पाहिलं होतं ना. मी मात्र मनातल्या मनात सगळ्या काउंटीला शिव्या घातल्या.

यंदा जूनमध्ये श्रीरंगने, माझ्या मुलाने, ज्याच्याकडे मी आता राहते, वेस्ट विंडसरहून मला ओमाहाच्या विमानात बसवलं. बाहत्तराव्या वर्षी मी एकटी जाते म्हणून सून सुमेधाने तीन डबे दिले, ते मी विमानात संपवले. पहिला रविवार. तेच गॅरेज, तेच तवे. लिओ कुबिक अठ्ठ्याऐंशीचा, आता खुर्चीत बसून भाजणाऱ्यांना सूचना देतो. तू, मी, मारिसोल एका टेबलाशी. तुझ्या हातात सिरपची बाटली होती.

आणि पेजर वाजले. एकदम दहा-बारा. रेडिओवरच्या बाईने पत्ता वाचला. तीनशेविसावा अव्हेन्यू, अमुक नंबर, गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने पेट घेतलाय, माणूस सुखरूप आहे. पोरं बंबाकडे धावली. चालकाच्या जागेवर चढणाऱ्या पोराने ओरडून विचारलं, “हे नक्की कुठे?”

“हॅन्सन प्लेसच्या पश्चिमेला!” लिओ खुर्चीतून ओरडला.

“कुठली?” चालक वीस-बावीस वर्षांचा असेल. “हॅन्सन कोण?”

आणि बंबाच्या मागच्या पायरीवरची मुलगी, हेल्मेट डोक्यावर बसवत, वैतागून म्हणाली, “अरे, बापट प्लेस! बापट प्लेसच्या पुढे अर्धा मैल! चल ना!”

बंब गेला. भोंगा लांब लांब होत गेला. लोक पुन्हा खायला लागले, कारण त्यांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. तू बाटली हातात तशीच धरून बसलीस. सिरप टेबलावर सांडत होतं. तुझा डावा कान लाल.

“ऐकलंस?” मी म्हटलं.

“पुन्हा सांग,” तू म्हणालीस. “कशी म्हणाली?”

मी म्हणून दाखवलं. अगदी तिच्याच वैतागलेल्या सुरात. तू तिसऱ्यांदा म्हणायला लावलंस. मग हळूच म्हणालीस, “पोराने विचारलं, हॅन्सन कोण. इंगाबाईला जाऊन वर्षं झाली, पण खरी गेली गं ती आज.” आणि डोळे पुसलेस, पण हसत.

लिओने टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं टक्कल पाहिलं. “मी म्हातारा झालो, सुनी,” तो म्हणाला. “मला अजून व्हावरा तोंडात येतं कधी कधी.”

एवढ्यात मारिसोल काटा आपटून म्हणाली, “एक मिनिट. बापट प्लेस काय? ते घर माझं आहे! कर मी भरते, परवा खिडक्या मी बदलल्या. ओरोझ्को प्लेस म्हणायला काय होतं यांना?”

तू तव्याकडे गेलीस, एक पॅनकेक आणलास, तिच्या ताटातल्या दोन्हींवर ठेवलास आणि म्हणालीस, “सिरप इकडे आहे, मारिसोल.”

आग विझली. यंत्र जळालं, बाकी काही नाही. सप्टेंबरमध्ये तुझं वर्ष संपलं आणि करार पाळून तू फ्रीमाँटला गेलीस. आश्लेषा म्हणते, आई बदललीय, कुरकुरत नाही. पार्कातल्या आज्यांची मूळ गावं विचारून वहीत लिहितेस म्हणे. मारिसोल दर रविवारी तुला फोन करते आणि कोण कोण ‘बापट’ म्हणालं त्याची तक्रार करते. तू ती तक्रार सावकाश ऐकून घेतेस. पुढच्या जनगणनेत ऑल्कॉटच्या त्या रकान्यात ते लोक काय लिहितील ते लिहोत. पाच लिहितील, शून्य लिहितील.

आता एक राहिलं. हे लिहायच्या आधी जुनी पर्स उपसली. आतल्या खिशात चिठ्ठी सापडली, तुझ्या अक्षरातली. अठरा इंच बाय सात, सागवान, दोन भोकं. एकतीस वर्षं तू दर भेटीत विचारलंस, “पाटी आणलीस का गं?” आणि मी दर वेळी म्हटलं, “पुढच्या खेपेला नक्की.” कारण काही नाही, आळस. आधी वाटलं घाई काय आहे, मग महालातला पेंटर वारला, मग मी इकडेच आले. तुझ्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या दोन खुणा होत्या, भोकांच्या. मारिसोलने चौकट रंगवताना त्या तेवढ्या ठेवल्यात, मी जूनमध्ये बोट लावून पाहिल्या. चिठ्ठी मी परत पर्समध्ये ठेवली आहे.

तुझी,
यामिनी